भूषणचं कुलूप

द्वारकेहून सुटलेल्या मेट्रोत बुद्धभूषण रुमाल काढायला गेला आणि रुमालाबरोबर एक किल्ली बाहेर आली. ती त्याच्या बोटांतून निसटून खणकन खाली पडली. शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलीने ती उचलून त्याच्या हातात दिली. "अंकल, आपकी चाबी." त्याने थँक यू म्हटलं, हसलासुद्धा, आणि मग ते हसणं त्याच्या तोंडावर तसंच राहून गेलं. लहानशी पितळी किल्ली, डोक्यावर लाल रंगाचा ठिपका. ही घराची नव्हती, स्कूटरची नव्हती, ऑफिसच्या ड्रॉवरची नव्हती. असले लाल ठिपके मारलेल्या किल्ल्या त्याच्या माहितीत एकाच ठिकाणी होत्या, वीजकेंद्रातल्या, कामाचे परवाने देतात त्या परमिटच्या खोलीत, पत्र्याच्या डब्यात. मेट्रोच्या डब्यात एसी इतका गार होता की समोरच्या बाईने ओढणी खांद्यावरून गच्च लपेटून घेतली होती, आणि याच्या मानेवरून घामाचा थेंब निघून कॉलरच्या आत उतरला. ही पँट त्याने परवा घातली होती. काल दुसरी होती. परवाची दाराच्या मागे टांगलेली राहिली होती, त्यावरून रोशनी सकाळीच ओरडली होती, "धुवायला टाकत जा ना यार, खुंटीवर काय टांगून ठेवतोस," आणि तो उशीर होतोय म्हणून तीच चढवून निघाला होता. पँट धुवायला टाकली असती तर किल्ली रोशनीच्या हाती लागली असती, तिने ती फ्रिजवरच्या वाटीत टाकली असती, जिथे घरातल्या सगळ्या बेवारशी किल्ल्या पडून असतात. मग त्याला कधी कळलंच नसतं. हा विचार मनात आला आणि त्याला स्वतःची पहिली लाज वाटली ती या विचाराची.

तो ज्या वीजकेंद्रात शिफ्ट इंजिनिअर होता ते राज्य सरकारच्या कंपनीचं होतं, आणि गॅसवर चालत होतं, म्हणजे चालायला हवं होतं. गॅसच्या आगीवर फिरणारी दोन युनिटं आणि त्यांच्या गरम धुराने पाणी उकळून वाफेवर फिरणारं तिसरं. पण गॅस महाग झाला, आला तरी पुरेसा येईना, आणि कोळशाची वीज स्वस्त पडे. त्यामुळे वर्षातले कितीतरी दिवस ही तिन्ही युनिटं नुसती उभी असत. उभी म्हणजे अगदी थांबलेलीही नाहीत. तापलेलं युनिट बंद केलं की त्याचा तो लांबलचक दांडा एकदम थांबवून चालत नाही, आपल्याच वजनाने त्याला बाक येतो. म्हणून एक छोटी मोटर त्याला हळूहळू फिरवत ठेवते. वीज नाही, काम नाही, नुसतं वाकू नये म्हणून फिरत राहायचं. लुंबिनी लहान असताना तिने विचारलं होतं, "बाबा, तुम्ही ऑफिसमध्ये काय बनवता?" तेव्हा तो म्हणाला होता, "लाईट." आणि पुढे कितीतरी वेळा, घरातला दिवा लावताना ती म्हणायची, "ही बाबांची लाईट." तो पेपरात डोकं घालायचा. मात्र मे-जूनमध्ये, अख्खी दिल्ली एकाच वेळी एसी लावते त्या संध्याकाळी, शहराला वीज वाटून देणाऱ्या मुख्य भार केंद्रातून फोन येई, युनिट घ्या, म्हणजे सुरू करा. मग सगळं केंद्र लग्नघर झाल्यासारखं धावत सुटे. त्या एका फोनसाठी ही सगळी माणसं वर्षभर पगार घेत होती. असा फोन परवा संध्याकाळी आला होता. आणि दोन नंबरचं युनिट निघालं नव्हतं, कारण त्याच्या गॅसच्या व्हॉल्व्हला साखळी होती, आणि साखळीला कुणाचं तरी कुलूप तसंच लटकत होतं.

कुलपाचा नियम साधा होता आणि देवाच्या नियमासारखा कडक होता. गॅसच्या लाईनवर काम करायचं तर व्हॉल्व्ह बंद करायचा, चाकाला साखळी घालायची, आणि जितकी माणसं त्या कामात आहेत तितकी कुलपं त्या साखळीला लागायची. डब्यातलं कुठलंही लाल कुलूप उचलायचं, त्याच्या टॅगवर आपलं नाव लिहायचं, किल्ली आपल्या खिशात. काम संपलं की ज्याने त्याने आपलं कुलूप आपल्या हाताने काढायचं. दुसऱ्याच्या कुलपाला कुणी हात लावत नाही, मग तो मोठा साहेब का असेना, कारण कुलूप लटकतंय म्हणजे एक माणूस अजून आत आहे. नियमात इंजिनिअरचंही कुलूप होतं. पण इंजिनिअर लोक सही करून मोकळे होत, कुलूप लावत ते फिटर आणि हेल्पर. बुद्धभूषण मात्र लावायचा. त्याला त्यात एक अभिमान होता, आपण नियमाला धरून आहोत याचा. आपल्यासारख्या माणसाला एक मिलिमीटरही इकडे-तिकडे होऊन चालत नाही, हे त्याने कुणी न शिकवता शिकून घेतलं होतं. परवा दोन नंबरच्या युनिटच्या गॅसच्या गाळणीची सफाई होती. त्याने डब्यातून कुलूप घेतलं, मार्करने टॅगवर लिहिलं, साखळीला लावलं. हे त्याला आत्ता, राजौरी गार्डन मागे जात असताना, इतकं स्वच्छ दिसत होतं की काल का दिसलं नव्हतं याचंच नवल वाटावं. उन्हाने साखळी तापली होती, रुमालाने धरून कुलूप अडकवलं होतं. दुपारी गाळणी बसली, बाकीच्यांनी आपापली कुलपं काढली, हा साखळीकडे निघालाही होता. तेवढ्यात रोशनीचा फोन. "निघालास का? मी सरोजिनी नगरला पोचले. लुंबिनीचे पाय दुखतायत. आज तरी वेळेवर ये प्लीज." निघालो, निघालो, असं म्हणत तो वळला होता. फोनवर बोलत बोलत तो गेटच्या बाहेर पडला होता, आणि किल्ली खिशात त्याच्याबरोबर बाजारात गेली होती. रोशनीच्या मावसबहिणीचं लग्न होतं, कुर्त्यांच्या ढिगात लुंबिनी मापं लावून बघत होती, दुकानदार ओरडत होते, आणि हा पिशव्या धरून उभा होता. किल्ली तेव्हा त्याच्या मांडीला टोचलीही असेल.

कंट्रोल रूमचा मिस्ड कॉल त्याने बाजारातून बाहेर पडल्यावर पाहिला. परत फोन केला तर पुढच्या शिफ्टवाला धापा टाकत म्हणाला, "हो गया सर, चेन काट दी. सब जगह आवाज लगाई, अंदर कोई नहीं था. वो ठेकेवाले भूषण का ताला रह गया था." तेव्हा बुद्धभूषणला हायसं वाटलं होतं. का वाटलं होतं? त्याने स्वतःला खोदून विचारलं. आपली चूक नाही म्हणून हायसं वाटायला आधी आपली असेल अशी धास्ती मनात असावी लागते. ती होती का? त्याला आठवत नव्हतं, आणि आठवत नाही असं म्हणणं किती सोयीचं असतं हेही त्याला कळत होतं. ठेकेदाराकडचा फिटर चंद्रभूषण, बिहारमधला, त्या गाळणीच्या कामात होताच. त्याला सगळे भूषण म्हणत. बुद्धभूषणला सगळे सर म्हणत. टॅगवर नुसतं भूषण लिहिलेलं बघितल्यावर साहेबाचं कुलूप राहिलं असेल हे कुणाच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं. कुलपं राहतात ती ठेक्यावरच्या माणसांची.

इथपर्यंत ठीक होतं, म्हणजे ठीक नव्हतं, पण विसरभोळेपणात जमा करण्यासारखं होतं. खरी गोष्ट होती ती कालच्या दुपारची. काल परीक्षित साहेबांच्या केबिनमध्ये चौकशी होती. परीक्षित वयाने त्याच्यापेक्षा लहान, हुद्द्याने वर. टेबलावर तुटकी साखळी आणि ते कुलूप ठेवलेलं होतं, टॅगसकट. घामाने आणि तेलाने शाई थोडी पसरली होती. भूषण. त्यातल्या ण ची दांडी खाली येऊन जराशी आत वळलेली. अकोल्याच्या शाळेत कित्त्यावर गिरवून घेतलेला ण. तो त्याने पाहिला होता. पाहिला होता आणि नजर काढून खिडकीबाहेरच्या चिमणीकडे नेली होती, जिच्यातून परवा रात्री उशिरा का होईना धूर निघाला होता. परीक्षितने विचारलं, "आपकी शिफ्ट का काम था. आपको क्या लगता है?" आणि तो म्हणाला होता, "भूल गया होगा सर. इन लोगों का ऐसा ही है."

इन लोगों का. मेट्रोच्या दारावरच्या काचेत त्याला आपला चेहरा दिसला आणि त्याने तो टाळला. हे शब्द त्याच्या तोंडून आले होते, सहज, अडखळल्याशिवाय, हवापाण्यावर बोलावं तसे. हे शब्द त्याने किती जणांच्या तोंडून ऐकले होते! अकोल्यात घर भाड्याने बघताना बापाच्या पाठीमागे उभा राहून ऐकले होते, कॉलेजच्या मेसमध्ये ऐकले होते, दिल्लीत चहाच्या टेबलावर ऐकले होते, जिथे बोलणाऱ्याला माहीतही नसायचं की त्या लोकांपैकी एक जण समोरच समोसा खातोय. प्रत्येक वेळी त्याचे कान तापायचे. आणि काल तेच वाक्य त्याने एका माणसाच्या पाठीमागे टाकलं, आणि परीक्षितने मान हलवली, आणि त्या मान हलवण्याने त्याला बरं वाटलं. आपण यांच्यात बसलो आहोत असं वाटलं. शरम वाटायला हवी होती तेव्हा त्याला बरं वाटलं होतं, आणि आता ती सगळी शरम एकदम, व्याजासकट अंगावर आली होती. चंद्रभूषणचा गेटपास त्याच दुपारी जमा करून घेतला गेला. "कल मत आना, ठेकेदार से बात करेंगे," असं त्याला सांगितलं गेलं, आणि ठेकेदाराशी बोलणं म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बाप अकोल्याच्या पोस्टात होता. भाऊराव वाकोडे, आयुष्यभर पत्रांच्या गठ्ठ्यांवर वाकलेला माणूस. लोकांची नावं त्याच्या जिभेवर असत, त्यांच्या बापाच्या नावासकट. मुलाचं नाव बुद्धभूषण ठेवलं तेव्हा वस्तीतल्या कुणीतरी म्हटलं होतं, एवढं लांब कोण म्हणणार, बुध्या होईल त्याचं. भाऊराव म्हणाला, "होऊन पाहू दे." आणि त्याने ते खरंच होऊ दिलं नाही. शाळेत गुरुजी हजेरी घेताना बुध्या म्हणाले, तर बाप सायकल लावून वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहिला. भांडला नाही. हात जोडून म्हणाला, "गुरुजी, पोराचं नाव पूर्ण घेत जा. अर्ध्या नावाचं टपाल दुसऱ्याच्या घरी जातं." वर्ग हसला होता. बुद्धभूषणला बापाची, त्याच्या खाकी कपड्यांची, त्या जोडलेल्या हातांची इतकी लाज वाटली की तो बाकाखाली पेन्सिल शोधत बसला. गुरुजींनी मात्र त्या दिवसापासून नाव पूर्ण घेतलं. अजूनही हा दिल्लीहून फोन करून "मी भूषण बोलतोय" म्हणाला की म्हातारा पलीकडून न चुकता विचारतो, "भूषण कोण?" हा हसून "बुद्धभूषण, बाबा" म्हणेपर्यंत पुढे बोलत नाही. याला वाटायचं, म्हातारपणचा विनोद आहे.

दिल्लीत नाव कुणी हिसकावून घेतलं नव्हतं. त्याने स्वतःच्या हाताने ते निम्मं केलं होतं. रुजू झाला त्या दिवशी तेव्हाच्या साहेबाने पूरा नाम विचारला, याने सांगितलं, आणि साहेब किंचित थांबला. डोळा लवायला लागतो तेवढंच थांबला, मग म्हणाला, "अच्छा. अच्छा." बस. पुढे काही नाही. कुणी काही बोललं असतं तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. त्या अच्छा-अच्छाशी कोण भांडणार? दुसऱ्या दिवशी चहाच्या टेबलावर नव्या माणसाने नाव विचारलं, तेव्हा तो भूषण म्हणाला. कुणी थांबलं नाही. कप पुढे आला. इतकं सोपं होतं ते. मग तेच सुरू झालं. एकदा कुणी विचारलं, "भूषण जी, महाराष्ट्र में आप लोग पंडित होते हैं क्या?" तर तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. म्हणाला, "अरे छोड़िए, चाय ठंडी हो रही है." चौदा एप्रिलला शिफ्ट बदलून मागताना "घर में फंक्शन है" म्हणायचा. घरी हॉलमध्ये बाबासाहेबांचा मोठा फोटो, रविवारी सगळे मिळून वंदना म्हणायची, आणि सोमवारी गेटमधून आत शिरताना बुद्ध बाहेर ठेवून भूषण तेवढा आत न्यायचा. कुणी विचारलंच तर त्याच्याकडे उत्तर तयार होतं. टॅग लहान असतो, एवढं मोठं नाव मावत नाही. हे उत्तर त्याने एकदा रोशनीलाही दिलं होतं.

आज सकाळी निघताना लुंबिनीने विचारलं होतं, "बाबा, ओशाळणं म्हणजे काय?" आजोबा फोनवर कुणाबद्दल तरी म्हणाले होते, बिचारा ओशाळला. बुटाची लेस बांधता बांधता तो म्हणाला, "शर्मिंदा होना." ती म्हणाली, "मग आजोबा लाज वाटली असं का नाही म्हणाले? सेम आहे ना?" तो म्हणाला, "सेम नाही. लाज आपली आपल्याला वाटते. ओशाळणं म्हणजे... कुणी आपल्याशी चांगलं वागतं, आणि आपण त्या लायकीचे नसतो, तेव्हा चेहरा कसा होतो, तसं." लुंबिनी म्हणाली, "हिंदीत नाहीये हा वर्ड?" त्याने बराच विचार केला, त्याला सापडला नाही. जिना उतरताना आपण चांगलं समजावून सांगितलं म्हणून तो स्वतःवर खूश होता.

गाडी बदलायच्या स्टेशनवर तो उतरला आणि लोकांच्या लोंढ्यात मूठ आवळून उभा राहिला. किल्ली तळव्यात गरम झाली होती. टाकून द्यावी. हा विचार कुठूनतरी आला आणि येऊन बसलाच. किल्ली टाकली की संपलं, मग नुसतं एक नाव राहतं, आणि ते नाव ज्याचं आहे असं सगळे समजतात तो बिचारा तर गेलेलाच आहे. त्याने इकडे तिकडे पाहिलं. मेट्रो स्टेशनवर कचऱ्याचा डबा शोधून सापडत नाही. खांबाशी उभा असलेला जवान त्याच्याकडे बघायला लागला, म्हणून तो पुढे सरकला. पुढच्या गाडीत त्याने दुसरा बेत केला. परीक्षितला एकट्यात गाठायचं, मिसअंडरस्टँडिंग झाली म्हणायचं, टॅग बदलले गेले म्हणायचं, फिटरला परत घ्यायला लावायचं. आपलं नाव न येता. शब्दसुद्धा जुळवून झाले. आणि मग त्याच्या लक्षात आलं की त्या सबंध बेतात त्याने एकदाही चंद्रभूषणचा चेहरा डोळ्यांसमोर आणला नव्हता. आणायचा प्रयत्न केला तर येईना. पिवळं हेल्मेट दिसलं, ग्रीस लागलेले हात दिसले, चेहरा नाही. किती वर्षं हा माणूस त्याच्या हाताखाली काम करत होता, आणि त्याला भूषण अशी हाक मारताना दर वेळी याला अवघडल्यासारखं व्हायचं, आपलंच नाव आपण हुकूम सोडायच्या आवाजात घेतोय असं वाटायचं. म्हणून तो त्याला "अरे सुनो" म्हणायचा.

ई-रिक्षा केंद्राच्या गेटपाशी थांबली तेव्हा ऊन चढलं होतं. गेटच्या बाहेर कडुनिंबाच्या सावलीत चंद्रभूषण उभा होता. आज हेल्मेट नव्हतं, इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस पाण्याने बसवले होते. चेहरा होता, साधा, चाळिशीचा, डोळ्यांखाली काळं आलेला. साहेबाला बघून तो लगबगीने पुढे आला आणि हात जोडले. त्या जोडलेल्या हातांकडे बघून बुद्धभूषणला वर्गाचं दार आठवलं.

"सर, आप ही का राह देख रहे थे," तो म्हणाला. "बड़े साहब तो मिलेंगे नहीं. आप एक बार बोल दीजिए, गलती हो गया. माफी माँगने आए हैं."

"तुमको याद है," बुद्धभूषणने विचारलं, आणि आपला आवाज त्याला परका वाटला, "ताला लगा के छोड़ा था, याद है?"

चंद्रभूषणने मान खाली घातली. "सच बोलें सर? हमको तो याद है कि खोल के डब्बा में डाल दिए थे. हाथ से डाले थे. लेकिन टैग पर नाम तो हमारा ही लिखा था. तो भूल गए होंगे. कल से माथा काम नहीं कर रहा है. घरवाली बोली कि चाबी तो पास में होना चाहिए. पूरा घर छान मारे. आटा का कनस्तर तक उलट दिए. नहीं मिला. अब डर लगता है सर, आज ताला भूले, कल गैस का काम में कुछ और भूल गए तो? कोई मर जाएगा."

बुद्धभूषणला वाटलं होतं, आपण या माणसाची नोकरी घेतली. आता त्याला कळलं की नोकरी ही वरवरची गोष्ट होती. या माणसाने स्वतःच्या हाताने कुलूप काढलं होतं, डब्यात टाकलं होतं, त्याला ते स्वच्छ आठवत होतं, आणि तरी त्याने आपल्या आठवणीवरचा भरवसा सोडला होता, कारण टॅगवर नाव होतं. घरभर शोधत बसला होता, जे त्याच्या घरी कधी नव्हतंच ते. बुद्धभूषणने खिशात हात घातला. काही ठरवून नव्हे. रोशनीचा फोन वाजला तेव्हा वळला तसाच, न ठरवता. त्याने किल्ली काढून पुढे धरली.

चंद्रभूषण किल्लीकडे बघत राहिला, आणि मग त्याचं तोंड असं उजळलं की बघवेना. "मिल गया? सर, आपको मिल गया?" त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि वाकला. बुद्धभूषण मागे सरकेपर्यंत त्याची बोटं याच्या बुटांना लागली होती. "आप हमारे लिए खोजे सर. कौन करता है इतना. भगवान आपको..."

इथे थांबता आलं असतं. रस्ता आपोआप मोकळा झाला होता. किल्ली सापडली, साहेबाने शोधून दिली, साहेब आत जाऊन रदबदली करतील, फिटर परत येईल, आयुष्यभर उपकार मानेल, दिवाळीला मिठाई आणेल. बुद्धभूषणने हे सगळं एका क्षणात पाहिलं, दिवाळीच्या मिठाईसकट, आणि आपला चेहरा कसा होतोय हे त्याला आरशाशिवाय कळलं. सकाळी मुलीला त्याने या चेहऱ्याचा अर्थ सांगितला होता.

"उठो," तो म्हणाला. "उठो पहले. चाबी तुम्हारी नहीं है. मेरी है. ताला मेरा था."

"जी?"

"मैंने लगाया था. मैं भूल गया. टैग पर मेरा नाम है. भूषण. मेरा नाम बुद्धभूषण है. बुद्धभूषण वाकोडे."

चंद्रभूषण उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही. बुद्धभूषण रागाची वाट बघत होता, त्याला तो हवा होता. तो माणूस नुसता विचार करत होता, हिशोब जुळतोय का बघत असल्यासारखे त्याचे ओठ हलत होते. मग तो अगदी हळू म्हणाला, "मतलब हम नहीं भूले थे?"

"नहीं. तुम नहीं भूले थे."

त्याने खिशातून फोन काढला, दोन पावलं बाजूला गेला, आणि गेटवरच्या गार्डलाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलला, "सुनो, खोजना बंद करो. हाँ, हाँ. हमारा नहीं था. हम ठीक हैं. हम भूले नहीं थे." पलीकडे बाई काहीतरी बोलत राहिली, हा नुसता हं हं करत राहिला, आणि इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीने त्याने डोळे पुसले.

फोन ठेवून तो परत आला. गेट समोर होतं, आत जायचं होतं, परीक्षितच्या केबिनमध्ये उभं राहून हेच सगळं पुन्हा बोलायचं होतं, आणि तिथे राग करणारा माणूस नक्की होता. चंद्रभूषणने किल्ली परत पुढे केली, आणि विचारलं ते अगदी साधेपणाने, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून.

"तो सर, आप पूरा नाम काहे नहीं लिखे? पूरा लिखते तो ई सब होता ही नहीं. टैग छोटा है, जगह नहीं होगा."

हो म्हणायला फक्त मान हलवावी लागली असती. तो गेली कित्येक वर्षं ती हलवत आला होता.

"जगह थी," बुद्धभूषण म्हणाला, आणि किल्ली घेऊन गेटकडे चालू लागला.